माया भरपूर सोडलीय

मावशी, मी 29 वर्षांची, पुण्यात नोकरी करते. बाबा गेल्यावर दोन वर्षांपूर्वी आईला सांगलीहून माझ्याकडे आणलं. दिवसभर घरातच असते, म्हणून एका रविवारी तिला आमच्या ग्रुपबरोबर वेताळ टेकडीवर निसर्गफेरीला नेलं. मी ठरवून जुने कपडे वापरते, इन्स्टावरच्या एका थ्रिफ्ट पेजवरून घेते. त्या दिवशी सत्तरच्या दशकातली सुती मॅक्सी घातली होती, विटकरी रंगाची, बारीक पांढऱ्या फुलांची, 1,400 रुपयांची. काखेत ओढते, त्यामुळे दुर्बीण नीट उचलता येत नव्हती, पण दिसते अप्रतिम. आईने निघतानाच तोंड वाकडं केलं. चढावर एकदा माझ्या मॅक्सीची कड उलटून बघितली आणि ‘माया भरपूर सोडलीय’ असं काहीतरी पुटपुटली. वर सगळ्यांनी कपड्याचं कौतुक केलं. मी सांगितलं, की ही पूर्ण घरी शिवलेली आहे, असं आता कोणी शिवत नाही. मग खाणीपाशी सगळे चहा पीत असताना आई मोठ्याने म्हणाली, ‘दुसऱ्याच्या अंगावरचं उतरलेलं घालायची वेळ आमच्यावर अजून आली नाहीये. कुणा मेलेलीचं असेल, काय ठाऊक.’ मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. उतरतानाही सबंध वाट ती माझ्यामागे वाकून कुसळं काढत होती, सगळ्यांदेखत. लहानपणी मला दुकानातला फ्रॉक कधी मिळाला नाही. आता माझ्या पैशाने हवं ते घालते, तर तेही तिला बघवत नाही. सस्टेनेबल फॅशन तिला कशी समजावू? की यापुढे तिला नेऊच नको?
वि., पुणे

वि., तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा एकाच ठिकाणी अडले. ‘माया भरपूर सोडलीय असं काहीतरी.’

असं काहीतरी नाही गं. त्या सबंध सकाळी तुझ्या आईने बोललेलं ते सगळ्यात नेमकं वाक्य आहे, आणि तू ते पुटपुटण्यात जमा केलंस. मला शंका आहे की तू तो टोमणा समजलीस. माया म्हणजे शिवणीच्या आत राखून ठेवलेलं जास्तीचं कापड. दुकानातल्या तयार कपड्यात ती जेमतेम करंगळीच्या नखाएवढी असते, ओव्हरलॉक मारून कापून टाकलेली. घरी शिवणारी बाई मात्र कुशीला, काखेत इंच-दीड इंच सोडते. ब्लाउजला तर आत दोन-तीन समांतर शिलाया घालून ठेवते. अंग भरलं, की अंगालगतची एक शिलाई उसवायची, ब्लाउज पुन्हा बसतो. बाळंतपणानंतर, चाळिशीनंतर, दुसऱ्या बहिणीला देताना त्या मायेचा उपयोग होतो. कपडा कापतानाच पुढच्या दहा वर्षांचा विचार केलेला असतो.

हा शब्द या अर्थाने सहज कोणाच्या तोंडी येतो? जिने शिवलंय तिच्या. आणि चढावर धाप लागलेली असताना, भोवताली बघायला सगळी टेकडी असताना, मुलीची कड उलटून आतली शिवण बघावी असं कोणाला वाटतं? मला कोणी सांगायला नको. तुझ्या आईने शिवण शिवलंय, आणि थोडंथोडकं नाही.

तू ते लिहिलं नाहीस. पत्रात दुर्बीण आहे, मॅक्सीची किंमत आहे, पेज आहे, ग्रुप आहे. आईच्या मशीनबद्दल अक्षर नाही. शेवटाकडे मात्र तक्रारीच्या सुरात एक वाक्य आहे, की तुला दुकानातला फ्रॉक कधी मिळाला नाही. मग तुला मिळाले ते फ्रॉक आले कुठून, वि.? झाडाला लागले होते? कोणीतरी तुझं माप घेतलं असेल, तू हलत होतीस म्हणून दटावलं असेल, वर्तमानपत्रावर बेतून कापड कापलं असेल, गळ्याला तिरकी कापलेली उरेप पट्टी लावली असेल, तुझी निजानीज झाल्यावर काजं केली असतील.

आता त्या रविवारचा क्रम बघ. तूच लिहिलायस, मी फक्त पुन्हा मांडते. आई चढावर शिवण बघते आणि दाद देते. हो, ती दाद होती. कसबी माणूस दुसऱ्याच्या कामाला देतो तशी, दोन शब्दांत. तू ऐकून न ऐकल्यासारखं करतेस. वर जाऊन दहा जणांसमोर तू सांगतेस, की हे घरी शिवलेलं आहे, असं आता कोणी शिवत नाही. आई तुझ्या शेजारी उभी आहे. तिने शिवलेलं घालून तू वाढलीस. कुठल्याशा अनोळखी बाईच्या हाताला तू 1,400 रुपये मोजलेस आणि भर टेकडीवर तिची वाखाणणी केलीस, आणि जिने तुझ्या मापाने वर्षानुवर्षं शिवलं तिच्याकडे मान वळवून ‘माझी आई शिवते’ एवढे तीन शब्द तुला सुचले नाहीत. त्यानंतर ती खाणीपाशी जे बोलली ते बोलली.

ते वाईटच बोलली. चारचौघांत बोलायला नको होतं. पण त्यावर मी यापेक्षा जास्त शाई खर्च करणार नाही, कारण तू त्यावर सबंध पत्र खर्च केलंयस.

उतरलेल्या कपड्यांचं म्हणशील, तर आपल्या घरांतून जुन्या कापडाचा विटाळ कधी नव्हता. तान्ह्या बाळाच्या अंगाला पहिलं कापड लागायचं ते जुनेराचं, आजीच्या धुऊन धुऊन मऊ झालेल्या लुगड्याचं. गोधडीत सगळ्या घराचे कपडे असतात, त्यांतले काही गेलेल्यांचेही असतात, आणि तीच पांघरून आपण निर्धास्त झोपतो. दारावर बोहारीण यायची, साड्यांवर पातेलं घासाघीस करून मिळायचं, आणि त्या साड्या पुढे कोणीतरी नेसणार हे सगळ्यांना माहीत असायचं. तुझी आई हे सगळं बघत वाढलेली बाई आहे. सस्टेनेबल फॅशन तिला समजावायला जाऊ नकोस, लाज वाटेल अशी गोष्ट होईल ती.

मात्र जुनं वापरणं वेगळं आणि दुसऱ्याच्या अंगावरचं उतरलेलं मिळणं वेगळं, हा भेद तिच्या पिढीला फार टोचतो. बेताच्या घरातल्या मुलांना श्रीमंत चुलत भावंडांचे, मालकिणीच्या मुलांचे कपडे यायचे. ते घालून लग्नाला गेलं, की हमखास कोणीतरी म्हणायचं, ‘अगं, हा आमच्या बेबीचा फ्रॉक ना?’ ज्या बायकांना आपल्या पोरीवर ती वेळ येऊ द्यायची नव्हती त्या रात्री जागून शिवायच्या. तुला दुकानातला फ्रॉक मिळाला नाही, तसा कोणाचा उतरलेलाही कधी मिळाला नसणार. आठवून बघ. एकदाही मिळाला नसेल, तर तो योगायोग नव्हता.

आणि निघतानाचं वाकडं तोंड? सत्तरच्या दशकात कॉलेजच्या मुली मिरवत घालायच्या ती मॅक्सी. पुढे आपल्याकडे तोच शब्द घरातल्या गाउनला चिकटला. दूध घ्यायला जाताना वर ओढणी घ्यावी लागते त्या मॅक्सीला. पोरगी ती घालून डोंगरावर निघालेली बघून कुठल्याही सांगलीकरणीचं तोंड वाकडं झालं असतं. सोडून दे.

मला बोलायचंय ते कुसळांबद्दल. तू लिहिलंस, की ती सगळ्यांदेखत कुसळं काढत होती, जणू तिने तुझी शोभा केली. पावसाळा संपून गवत पिवळं पडलं, की टेकडीवरची कुसळी पिकते. तिचं बी म्हणजे एक टोकदार भाला आणि मागे लांब शेपटी. ही शेपटी दवाने ओली झाली की उलगडते, उन्हाने वाळली की पिळवटते, आणि त्या पिळाने बी स्वतःला जमिनीत रुतवून घेतं. जमीन नाही मिळाली तर तुझी मॅक्सी. टोकाजवळचे बारीक केस मागे वळलेले असतात, त्यामुळे कुसळ आलं तसं मागे ओढलं, तर ते विणीत अडकतं आणि धागा घेऊन बाहेर येतं. पन्नास वर्षांच्या सुती कापडाचा धागा असा ओढला, तर तिथे भोक. ते पुढे, टोकाच्या दिशेने, कापडाच्या पलीकडून चिमटीत धरून काढावं लागतं. एकेक. वाकून. साठीच्या बाईने, उतारावर.

तुझ्या मॅक्सीला कुठे धागा निघालाय का बघ. निघाला नसेल. जो कपडा तिला बघवत नाही असं तू म्हणतेस, तो तिने तुला सांभाळून घरी आणून दिलाय.

मी सहावीत असतानाचं सांगते. माझ्या शाळेच्या निळ्या स्कर्टला आईने खाली चार बोटं दुमड घातली होती. दर जूनमध्ये ती थोडी सोडायची. वरचं कापड उन्हाने, धुण्याने विटलेलं, आणि दुमडीतून निघालेली पट्टी नवीकोरी, गडद निळी. स्कर्टच्या खाली जणू काठ लावलेला. वर्गात मुली त्या पट्ट्या मोजायच्या, हा स्कर्ट कितव्या वर्षाचा ते ओळखायच्या. मी घरी येऊन आईला म्हटलं, की मला तुझं शिवलेलं नको, दुकानातला आण. तिने आणला. कुठून पैसे काढले मला माहीत नाही. त्यानंतर माझ्यासाठी शिवायला ती मशीनवर बसली नाही, मी मोठी होऊन विनवलं तरी ‘आता दिसत नाही गं’ म्हणायची. आज तिचं अंगुस्तान, शिवताना बोटात घालायची टोपी, माझ्या टेबलाच्या खणात आहे. माझ्या बोटाला ते सैल होतं. म्हणून तुझ्यावर चिडलेय, वि., आणि चिडलेय ते लपवत नाही.

तू मला दोन प्रश्न विचारलेस, समजावू कशी आणि नेऊ की नको. दोन्ही बाजूला ठेव. तुझी मॅक्सी काखेत ओढते. दुर्बीण उचलता येत नाही. आत माया भरपूर आहे. तुझ्या घरात ती सोडवू शकणारी बाई आहे, आणि तिने चढावरच ते बघून ठेवलंय. तुला अजून काय हवं?

या शनिवारी दुपारी मॅक्सी उलटी करून आईपुढे ठेव. माफी मागायची म्हणून बसू नकोस, त्या सकाळचा विषय काढू नकोस, भाषण तर मुळीच करू नकोस. एवढंच म्हण, ‘आई, काखेत ओढतेय. तू म्हणालीस माया आहे. सोडून देतेस का?’ ‘तू म्हणालीस’ हे शब्द गाळू नकोस. तू ऐकलं होतंस, हे तिला कळू दे.

ती पहिल्यांदा नाही म्हणेल. म्हणेल, बाहेर शिंप्याकडे दे, पन्नास रुपयांत करून देईल. तू हलू नकोस. मग ती चष्मा मागेल. मॅक्सी खिडकीपाशी नेईल, शिवण दोन बोटांत धरून ताणून बघेल, कारण इतक्या वर्षांनी कापड शाबूत असलं तरी सुती दोरा आतून कुजलेला असू शकतो, आणि मुंढ्याला, म्हणजे बाही जोडतात तिथे, कापड विरलं असेल तर सगळी माया सोडता येत नाही. ती काय सांगते ते ऐक. उसवताना शेजारी बस. सुईत दोरा तू ओवून दे, तेवढं तिला आता जमत नसेल. सुई एखाद्या वेळी तुझ्याही बोटाला टोचली तर टोचू दे.

मशीन कुठे आहे ते तू लिहिलं नाहीस. सांगलीला कोणाच्या माळ्यावर असेल, तर काखेची शिवण तूर्त हाताने उलट टाक्याने होते, मशीनच्या तोडीची पक्की होते. पण ते मशीन आणायची व्यवस्था कर. फ्लॅटमध्ये जागा नाही हे मला ऐकवू नकोस. पायमशीन असलं तरी एका लहान टेबलाएवढी जागा लागते, आणि चामड्याचा पट्टा, तेल एवढ्यावर ती मशीनं पुन्हा चालू होतात. विकलं असेल, तर कोणी विकलं आणि तेव्हा आई काय म्हणाली होती, ते आठवून मला लिही.

एक अडचण येईल, तीही सांगून ठेवते. शिवण सोडली, की काखेखाली एक गडद पट्टी दिसेल. पन्नास वर्षं उजेड न लागलेला, मॅक्सीचा मूळ विटकरी रंग. ती बघून दचकू नकोस. आईला घेऊन तुळशीबागेत जा, तिथे आसपास दोऱ्या-बटणांची दुकानं आहेत, मॅक्सी बरोबर ने. दोरा बाहेरच्या विटलेल्या रंगाला जुळवायचा की आतल्या गडद रंगाला, ते तिला विचार आणि ती म्हणेल तो घे.