जुनं चार सिलिंडर इंजिन : उघडण्याआधी काय तपासाल?

प्रश्न : आमची जुनी टाटा ४०७ (छोटा डिझेल ट्रक) आहे, टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) नसलेली. सपाटीला बरी पळते, पण माल भरून सासवडला निघालं की दिवे घाटात दम सोडते. गॅरेजवाले ‘हाफ इंजिन’ (इंजिन उघडून पिस्टन, रिंगा, बोअरचं काम) करा म्हणतात. करावं का?

एवढ्यात नको. आधी धूर बघा. ओढ कमी आणि धूर काळा, तर हवा कमी पडतेय : एअर फिल्टर चोंदलाय किंवा नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग) थेंब टाकतंय. ओढ कमी आणि धूरही नाही, तर डिझेलच पोचत नाही. मग फिल्टर, फीड पंपाची (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या पंपाची) जाळी आणि टाकीतल्या सक्शन पाइपचं तोंड साफ करा. टाकीच्या तळाचा गाळ सपाटीला त्रास देत नाही, पूर्ण लोडला डिझेलची ओढ वाढली की आडवा येतो.

एकाला केबिनमध्ये बसवून अॅक्सिलरेटर पूर्ण दाबायला सांगा आणि इंजेक्शन पंपावरचा (नोझलला दाबाने डिझेल देणाऱ्या पंपावरचा) लिव्हर स्टॉपला टेकतो का ते पाहा. वायर ताणली गेली असेल तर टेकत नाही, आणि असल्या गाडीचं इंजिन उगाच उघडलं जातं.

एवढं होऊनही फरक नसेल तर गरम इंजिन आयडलला ठेवून ऑइल भरण्याचं झाकण काढा आणि तोंडावर उलटं ठेवा. ते उडून पडलं, तर पिस्टनच्या रिंगा आणि बोअर (सिलिंडरची आतली भिंत) यांमधून गॅस खाली येतोय. मग चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन (पिस्टन हवा दाबतो तो दाब) मोजून घ्या. एकच कमी असेल तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केटकडे बघा. चारही कमी असतील तर हाफ इंजिनचा विषय काढा, आणि तेव्हाही बोअर गेजने मापून. झीज मापाबाहेर असताना नुसत्या रिंगा टाकणं म्हणजे पैसे पाण्यात.

प्रश्न : डिझेल फिल्टर बदलला, आता गाडी स्टार्टच होत नाही.

लाइनमध्ये हवा आहे. फिल्टरवरचा एअर स्क्रू सैल करून फीड पंपाचा हातपंप मारा. बुडबुडे थांबून सलग डिझेल आलं की हातपंप चालू असतानाच स्क्रू आवळा. मग इंजेक्शन पंपाच्या स्क्रूवर तेच. तरीही न झाल्यास नोझलकडच्या पाइपांचे नट अर्धा-पाऊण आटा सैल करून स्टार्टर मारा. नटातून डिझेल आलं की आवळा. दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त एका दमात मारू नका. दोन दिवसांनी पुन्हा हवा धरली, तर सक्शन बाजूचा वॉशर किंवा रबरी पाइप बदला. तिथून डिझेल गळताना दिसेलच असं नाही, हवा मात्र आत जाते.

प्रश्न : डिसेंबरात सकाळी पांढरा धूर येतो आणि इंजिन मिस मारतं. गरम झालं की ठीक.

न जळलेलं डिझेल आहे; वास डोळ्यांना झोंबतो. आधी बॅटरी आणि चॅसीची अर्थ केबल बघा, कारण स्टार्टर हळू फिरला की दाबाची उष्णता पुरत नाही. मग मिस चालू असतानाच एकेका नोझलचा नट सैल करा. ज्याने इंजिनच्या आवाजात फरक पडत नाही, तोच सिलिंडर आळशी. उडणाऱ्या डिझेलसमोर हात नेऊ नका, दाब कातडी फोडतो.

टॅपेटही (व्हॉल्व्हची गॅप) लावून घ्या. फायरिंग (सिलिंडर पेटण्याचा क्रम) १-३-४-२ असेल तर जोडीची बेरीज पाच : चौथ्याचे व्हॉल्व्ह ओव्हरलॅपला (दोन्ही एकाच वेळी थोडे उघडे) आले की पहिल्याचे टॅपेट, दुसऱ्याचे आले की तिसऱ्याचे, आणि उलटही. गॅप कंपनीच्या मापानेच. घट्ट टॅपेट आवाज करत नाही, गुपचूप व्हॉल्व्ह जाळतो. मात्र धूर गरम झाल्यावरही राहिला आणि रेडिएटरचं पाणी घटत असेल, तर हेड गॅस्केट तपासा.

प्रश्न : इंजेक्शन पंपाचं डिझेल वाढवून घेतलं तर? की टर्बोच बसवू?

दोन्ही नको. हवा तेवढीच असताना जास्त डिझेल म्हणजे काळा धूर, तापलेले पिस्टन आणि घसरलेलं अॅव्हरेज. टर्बोसाठी पिस्टन, ऑइल, कूलिंग सगळंच वेगळं लागतं.

प्रश्न : उन्हाळ्यात गरम होते म्हणून थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर रेडिएटरकडे पाणी सोडणारा व्हॉल्व्ह) काढून टाकला. चालेल?

परत बसवा. बऱ्याच इंजिनांत तो काढला की बायपास (रेडिएटर टाळून जाणारी वाट) उघडाच राहतो, काही पाणी रेडिएटरला न जाताच फिरतं, आणि थंडीत इंजिन गार राहून बोअर झिजतो. आधी पातेल्यात पाणी तापवून, थर्मामीटर लावून थर्मोस्टॅट उघडतो का पाहा. उघडण्याचं तापमान त्याच्यावरच छापलेलं असतं. तो ठीक निघाला तर फॅन बेल्ट, रेडिएटर कॅप आणि जाळीतला कचरा.