अमेरिकेत वर्कर्स कॉम्पेन्सेशनची नर्स व्हायचंय?

वर्कर्स कॉम्पेन्सेशन म्हणजे कामावर दुखापत झालेल्यांसाठीचा विमा; त्यातली नर्स केस मॅनेजर जखमी माणसाचे उपचार आणि कामावर परतणं यांचा पाठपुरावा करते. तुमचे प्रश्न दोन आहेत. ऑर्थो वॉर्डच्या अनुभवावर अमेरिकेत थेट नर्स केस मॅनेजर म्हणून येता येईल का? आणि हे काम म्हणजे विमा कंपनीसाठी उपचारांना कात्री लावणं आहे का?

थेट येणं फार अवघड. एनक्लेक्स-आरएन (नर्सिंग लायसन्सची परीक्षा), व्हिसास्क्रीन (व्हिसासाठी शिक्षण, लायसन्स आणि इंग्रजीची पडताळणी), राज्याचं लायसन्स हे लागतंच; पण परदेशी नर्सना ग्रीन कार्डसाठी स्पॉन्सर करतात ती मुख्यतः हॉस्पिटलं आणि स्टाफिंग एजन्सी, तेही बेडसाइडसाठी, म्हणजे रुग्णाच्या प्रत्यक्ष देखभालीसाठी. भारतीयांसाठी ईबी-३ ची, म्हणजे नोकरीवर आधारित या ग्रीन कार्डची, रांग लांब आहे. आल्यावर काही वर्षं ऑर्थो किंवा रिहॅबमध्ये काढा. सीसीएमची (केस मॅनेजरच्या प्रमाणपत्राची) परीक्षा त्यानंतरची.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्यापुरतं ठाम आहे: नाही. गोदामात खोकी उचलताना एखाद्याचा खांदा दुखावला, तर उपचारांचा खर्च विमा देतो आणि घरी बसावं लागल्यास बहुतेक राज्यांत पगाराच्या साधारण दोन-तृतीयांश भरपाईही. एमआरआयची मंजुरी रखडली की ही भरपाई चालू राहते, खांदा आखडतो आणि माणूस खचतो. इथे नर्स लागते. डॉक्टरांकडून राहिलेल्या नोट्स मागवायच्या, अ‍ॅडजस्टरला (विमा कंपनीत दावा हाताळणाऱ्याला) निकड समजावायची, फिजिओथेरपीच्या तारखा चुकत असतील तर कारण शोधायचं. डॉक्टरांनी 'दहा पौंडांवर उचलू नये' लिहिलं, तर मालकाकडे त्यात बसणारं लाइट ड्यूटीचं काम आहे का, हे विचारायचं. खर्च खरा वाचतो तो माणूस वेळेत आणि नीट बरा होऊन कामावर परतल्याने.

युटिलायझेशन रिव्ह्यू हे वेगळं काम आहे. तिथे मागितलेला उपचार मार्गदर्शक तत्त्वांशी ताडून पाहतात. कॅलिफोर्नियात नर्स मंजुरी देऊ शकते, पण उपचार अनावश्यक ठरवून नाकारणं फक्त डॉक्टरच्या हातात असतं. नियम राज्यागणिक बदलतात. टेक्सासमध्ये तर खासगी मालकांवर हा विमा घेण्याची सक्तीच नाही.

ओढाताण मात्र होते. पगार विमा कंपनीच्या बाजूने येतो, म्हणून पहिल्याच फोनवर जखमी माणसाला ते स्पष्ट सांगावं. त्याची हरकत असेल तर तपासणीच्या खोलीत जाऊ नये. त्याने वकील केला असेल तर आधी वकिलाशी बोलावं.

आणि एजन्सीच्या करारावर सही करण्याआधी, मुदतीपूर्वी नोकरी सोडल्यास किती पैसे भरावे लागतील ते कलम नीट वाचा. बेडसाइड सोडून इकडे कधी वळता येईल, ते त्यावरच ठरेल.