पेपर रोज सोडवून घेताय, पण चुका कोण वाचतंय?

या वेळची बहुतेक पत्रं शिक्षकांचीच आहेत आणि सगळ्यांचा विषय परीक्षा, म्हणजे शिष्यवृत्ती, एनएमएमएस (गरीब घरच्या हुशार मुलांसाठीची केंद्राची शिष्यवृत्ती परीक्षा), पॅट (मूल कुठे आहे ते बघणाऱ्या राज्याच्या नियतकालिक चाचण्या) वगैरे. सारखे प्रश्न एकत्र केलेत. नावं दिलेली नाहीत, कारण दोघातिघांनी "नाव नको, साहेब वाचतात" असं स्पष्टच लिहिलंय!

माझी द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळा आहे. पाचवीची मुलं शिष्यवृत्तीला बसवलीत. दिवाळीनंतर रोज एक सराव पेपर घेतो, तपासतो, मार्क सांगतो. पण सुरुवातीला चाळीस टक्क्यांच्या आसपास होती ती मुलं तिथेच आहेत. पेपर अजून वाढवू का?
*एक शिक्षक, नंदुरबार जिल्हा*

नको सर, उलट कमी करा. आठवड्यात एक पूर्ण पेपर पुष्कळ झाला, बाकीचे दिवस त्याच पेपरातल्या चुकांवर घालवा.

आधी त्या चाळीस टक्क्यांचं बघू, कारण हा आकडा फसवतो. एका पेपरात ७५ प्रश्न, प्रत्येकाला २ मार्क, चार पर्याय आणि चुकीला मार्क कापत नाहीत. आता समजा एखाद्या मुलाला फक्त १५ प्रश्न खरोखर येतात आणि उरलेले ६० त्याने डोळे मिटून रंगवले, तर चारातला एक या हिशोबाने त्यातले साधारण १५ बरोबर येणारच, झाले ३० प्रश्न म्हणजे ६० मार्क म्हणजे बरोब्बर ४० टक्के. म्हणजे कागदावर चाळीस दिसतंय पण येतंय वीसच टक्के, आणि रोज नवा पेपर दिला की तो रोज नव्याने अंदाज लावतो, शिकत काहीच नाही.

म्हणून चुकलेल्या प्रश्नावर नुसती फुली मारू नका, त्याने कुठला पर्याय निवडला ते बघा. चांगल्या पेपरात चुकीचे पर्याय असेच उचलून टाकलेले नसतात, मुलं जिथे घसरतात तिथलेच घेतलेले असतात. उदाहरणार्थ १/४ + २/३ = किती, आणि पर्याय आहेत ३/७, ११/१२, ३/१२, २/१२. उत्तर ११/१२. ज्याने ३/७ रंगवलं त्याने वरचे वर आणि खालचे खाली मिळवले, त्याला अपूर्णांक म्हणजे काय तेच कळलेलं नाही, त्याला कागदाच्या घड्या घालण्यापासून सुरुवात. ज्याने ३/१२ केलं त्याला छेद समान करायचा असतो हे माहीत आहे पण अंश बदलायचा राहिला, त्याचं काम एका तासात होतं. २/१२ वाल्याने सरळ गुणाकार केलाय, बहुतेक चिन्हच नीट पाहिलं नाही. तिघांना मार्क शून्यच, पण तिघांचा इलाज वेगळा, आणि तुम्ही फळ्यावर सगळ्यांना मिळून ते उदाहरण एकदा सोडवून दाखवलंत तर त्यातला फार तर एक सुधारेल.

दुसरं उदाहरण दिनदर्शिकेचं. १ जानेवारीला सोमवार, तर २६ जानेवारीला कोणता वार? उत्तर शुक्रवार, पण हमखास निम्मी पोरं शनिवार म्हणतात, कारण ती २६ ला ७ ने भागतात, मधले दिवस २५ आहेत हे लक्षात येत नाही. एक तारीख धरायची की सोडायची एवढाच घोळ आहे, आणि हाच घोळ रांगेतला क्रमांक, खांबांमधलं अंतर असल्या सगळ्या प्रश्नांत परत परत येतो. एकदा धरला की पाचसहा प्रकारचे प्रश्न एकदम सुटतात.

करायचं काय तर एक वही घ्या, डावीकडे प्रश्न क्रमांक आणि समोर कुठल्या पर्यायावर किती मुलं गेली ते लिहा, मुलं थोडी आहेत म्हणजे पंधरा मिनिटांचं काम. सगळी एकाच चुकीच्या पर्यायावर गेली असतील तर ती गैरसमजूत आहे, परत शिकवा. चारही पर्यायांवर विखुरली असतील तर ते अंदाज आहेत, भाग झालाच नाहीये किंवा प्रश्नच कळला नाही. आणि हुशार मुलांचं चुकलंय पण कच्च्यांचं बरोबर आलंय असा प्रश्न दिसला तर आधी उत्तरसूची तपासा, गाईडमधल्या सूच्या सर्रास चुकलेल्या असतात.

एक नंदुरबारचं म्हणून खास. तुमच्याकडे घरी भिली किंवा पावरी बोलणारी मुलं असतील. बुद्धिमत्तेच्या पेपरात "विसंगत पद ओळखा", "क्रमाने येणारी संख्या", "आरशातील प्रतिमा" असली भाषा असते ना, त्यात मूल विचारात कमी पडत नाही, सूचनेतच अडकतं. एक दिवस एकही प्रश्न न सोडवता फक्त सूचना वाचायच्या, आणि "यात तुला काय करायला सांगितलंय" ते मुलाने आपल्या शब्दांत, हवं तर आपल्या भाषेत सांगायचं. बघा काय काय निघतं ते.

आमच्या आठवीच्या मुलांना येतं सगळं, पण पेपर पूर्ण होत नाही आणि ओएमआर शीटवर, म्हणजे गोळे रंगवायच्या उत्तरपत्रिकेवर, गोंधळ होतो. ते दोन पर्यायवाले प्रश्न तर डोकेदुखी आहेत.
*एक शिक्षिका, सातारा*

मॅडम, "येतं सगळं" यावर माझा थोडा कमी विश्वास आहे 🙂 पण ते ताडून बघायची सोपी युक्ती आहे. नव्वद मिनिटं झाली की पेपर काढून घेऊ नका, पेनचा रंग बदलायला सांगा आणि अजून अर्धा तास द्या. दुसऱ्या रंगात बरोबर उत्तरं भराभर वाढली तर अडचण वेगाची, नाही वाढली तर अडचण अभ्यासाची.

वेगाचं गणित मुलांनाही सांगून टाका. शिष्यवृत्तीत ७५ प्रश्नांना ९० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला ७२ सेकंद. एनएमएमएसला ९० प्रश्न ९० मिनिटांत, म्हणजे मिनिटाला एक. पण सगळ्यांना सारखा वेळ द्यायचा नसतोच, भाषेतले सोपे प्रश्न वीस सेकंदात होतात आणि तिथे वाचलेला वेळ गणिताला लागतो. पहिल्या फेरीत येणारे, दुसऱ्या फेरीत आकडेमोडीचे, शेवटची पाच मिनिटं उरलेले गोळे भरायला, कारण मार्क कापत नाहीत तर कोरं ठेवण्यात काही अर्थ नाही. मात्र निगेटिव्ह मार्किंगच्या परीक्षेत ही सवय अंगाशी येते, तेही सांगून ठेवा.

प्रश्न सोडला की शीटवरची ओळही सोडायची, इथेच पोरं चुकतात. तेविसावा सोडला आणि चोविसाव्याचं उत्तर तेविसाव्याच्या गोळ्यात, की मग पुढचं सगळं एक घर सरकलं. दर दहा प्रश्नांनी नंबर जुळवून बघायची सवय लावा. आणि सराव खऱ्या आकाराच्या शीटवर, बॉलपेननेच घ्या, पेन्सिलने नको, पेन्सिलवाल्या मुलाला खोडायची सवय लागते आणि तिथे खोडता येत नाही.

दोन पर्यायांचं म्हणाल तर आठवीला जास्तीत जास्त २० टक्के प्रश्न तसे असतात आणि दोन्ही गोळे बरोबर असतील तरच मार्क, एक बरोबर आणि एक चूक याला काही नाही. पण प्रश्नातच "दोन अचूक पर्याय निवडा" असं लिहिलेलं असतं, मुलं वाचत नाहीत हो. पेपर हातात आला की असल्या सूचनेखाली आणि "नाही", "चुकीचे", "खालीलपैकी नसलेले" या शब्दांखाली रेघ मारायची, बास. आणि या प्रश्नांत पहिला बरोबर पर्याय सापडला की थांबायचं नाही, चारही तपासायचे. वर्गात एरवीही "हे बरोबर का" इतकंच "बाकीचे तीन चूक का" विचारत जा.

मुलगा "पात्र" आला पण शिष्यवृत्ती मिळाली नाही म्हणून पालक शाळेत येऊन भांडतात. त्यांना काय सांगू?
*एक मुख्याध्यापक, परभणी*

खरं ते सांगा, आणि ते निकालानंतर नाही तर फॉर्म भरतानाच सांगा सर. प्रत्येक पेपरात किमान ४० टक्के मिळाले की मूल पात्र. शिष्यवृत्ती मात्र गुणवत्ता यादीतून, ठरलेल्या संख्येपुरतीच मिळते, त्यामुळे पात्र पुष्कळ आणि शिष्यवृत्तीधारक थोडे, हे दर वर्षीचंच आहे. वरचं अंदाजाचं गणितही पालकसभेत फळ्यावर मांडून दाखवा, म्हणजे चाळीसचा अर्थ कळेल. आणि एक विनंती, शाळेच्या फलकावर "पात्र" आणि "शिष्यवृत्तीधारक" एकाच यादीत घालू नका, अर्धी भांडणं तिथूनच सुरू होतात.

पॅटच्या संकलित चाचणीत आमच्या केंद्राचा (आसपासच्या शाळांच्या गटाचा) निकाल चांगला दिसला पाहिजे असा वरून निरोप आहे. जुने पेपर सोडवून घेऊ का? की मुलांना जरा मदत करू?
*नाव न लिहिलेलं पत्र*

दोन्ही करू नका. पॅट आणि शिष्यवृत्ती या दिसायला सारख्या असल्या तरी कामं वेगळी आहेत. शिष्यवृत्ती मुलांमधून निवड करते, तिथे तयारी करून जाणं रास्तच आहे. पॅटमध्ये निवड नाही, कोण पुढे कोण मागे ते ठरवायचं नाहीये, भाषा, गणित आणि इंग्रजीत मूल आज कुठे उभं आहे तेवढं बघायचंय, वर्षाच्या सुरुवातीला पायाभूत आणि मग दोन संकलित. तापमापी पंख्याखाली धरून ताप उतरल्याचं लिहिण्यात काय हशील आहे? संकलित एकमध्ये तुम्ही मार्क फुगवले की संकलित दोनमध्ये मूल खाली गेलेलं दिसणार, आणि ते तुम्हालाच विचारणार.

पारख या केंद्रीय मूल्यमापन संस्थेचं राष्ट्रीय सर्वेक्षण ४ डिसेंबर २०२४ ला झालं, तिसरी, सहावी, नववीचं, त्याच्या आधीही बऱ्याच ठिकाणी महिनाभर सरावाचा धडाका लावला होता. ते तर निवडक शाळांचं नमुना सर्वेक्षण, एकेका मुलाचा निकालच त्यात नसतो. महिनाभर वाचन-लेखन बाजूला ठेवून गोळे रंगवून काय मिळवलं कोण जाणे.

तयारीच करायची तर पॅटच्या प्रश्नांचा प्रकार बघा. उतारा देऊन "कोणी म्हटले" एवढंच विचारत नाहीत, "त्याने असं का केलं असेल" विचारतात, गणितात नुसता गुणाकार नसतो, एसटीचं तिकीट नाहीतर किराणाचं बिल असतं. हे रोजच्या तासाला फळ्यावर यायला हवं, वेगळा तास कशाला? वरून निरोप देणाऱ्यांना मागच्या चाचणीतली तुमच्या वर्गाची चुकांची वही दाखवा. बहुतेक साहेब त्यावर गप्प बसतात, कारण तसं काही त्यांना कोणी दाखवलेलंच नसतं.

आठवीच्या त्याच मुलांना शिष्यवृत्ती आणि एनएमएमएस दोन्हीला बसवावं का? ओझं होतं असं सहकारी म्हणतात.
*एक शिक्षिका, अनुदानित शाळा, जळगाव*

बसवा, पण घरची परिस्थिती बघून ठरवा. एनएमएमएसला पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत लागतं आणि शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांमधलीच मुलं बसू शकतात. मिळाली तर नववी ते बारावी महिना १००० रुपये, म्हणजे चार वर्षांचे ४८ हजार, गरीब घरच्या मुलीचं शिक्षण चालू राहायला याचा किती आधार होतो ते तुम्हाला मी सांगायला नको. नववीनंतर ती टिकवावी लागते, दहावीला ६० टक्के हवेत, अनुसूचित जाती-जमातींना ५ टक्के सवलत, हे निवड झाल्या दिवशीच घरी सांगा.

अभ्यास म्हणाल तर बुद्धिमत्तेचा भाग दोन्हीकडे बराच सारखा, तो एकदाच करा. एनएमएमएसचा दुसरा पेपर शालेय क्षमतेचा, त्यात विज्ञान ३५, समाजशास्त्र ३५ आणि गणित २०, म्हणजे सातवी-आठवीची पाठ्यपुस्तकंच. इथे मुलं समाजशास्त्रात मार्क घालवतात कारण सगळा जोर गणितावर असतो, आणि गणिताचे तर वीसच प्रश्न आहेत! भूगोलाचे नकाशे आणि नागरिकशास्त्राचे धडे आधी काढा.

जाता जाता: चौथीच्या दोन शिक्षकांनी विचारलंय की शिष्यवृत्ती परत चौथी-सातवीला आली, आता २०१६ च्या आधीचे जुने पेपर वापरू का. परीक्षा २०१६-१७ पासून पाचवी-आठवीला होती आणि २०२५ मध्ये ती पुन्हा चौथी-सातवीला न्यायचं ठरलं हे खरं (२०२५-२६ ला चारही इयत्तांची होती, म्हणून वरची पत्रं पाचवी-आठवीची आहेत), पण मधल्या काळात पुस्तकंही बदलली आणि पेपरची रचनाही. जुन्या पेपरातले बुद्धिमत्तेचे प्रश्न सुटे सुटे वापरा, पूर्ण पेपर म्हणून देऊ नका, आणि परीक्षेचा आराखडा परीक्षा परिषदेच्या वेबसाइटवरून काढून वर्गात लावा, व्हॉट्सॲपवर फिरणारा नको.