प्रचारातले दिशाभूल करणारे दावे खेड्यातल्या माणसाला खरंच पटतात का?

तुम्ही विचारलंय की निवडणुकीच्या प्रचारात एवढे फसवे दावे होतात, त्याचं खेड्यातल्या मतदाराला काहीच वाटत नाही का? वाटतं, आणि चांगलंच वाटतं. मी यवतमाळ जिल्ह्यात कापूस-सोयाबीनची शेती करतो. ज्या गोष्टीचा हिशोब स्वतःला मांडता येतो, तिथे आमच्याकडचा माणूस फसत नाही. जिथे खरंखोटं कोणाला विचारावं हेच कळत नाही, तिथे फसतो.

सोयाबीनचंच घ्या. नोव्हेंबर 2024 च्या विधानसभेला भाजपने क्विंटलला 6000 रुपये भाव सांगितला, काँग्रेसने 7000. तेव्हा हमीभाव होता 4892 आणि बाजार समितीत हातात पडत होते चार-सव्वाचार हजार. हमीभावाच्या केंद्रावर न्यावं तर ओलाव्याची अट 12 टक्क्यांची. मतदान चार-पाच दिवसांवर आलं तेव्हा ती 15 टक्के झाली. त्याआधी मूठभर दाणे मशीनमध्ये टाकायचे, आकडा चौदा आला की, "काका, वाळवून आणा." भरलेली ट्रॉली घेऊन परत फिरलेल्या माणसाला सहा हजाराचं भाषण कसं पटणार? पारावर शेजारी म्हणाला, "अगुदर हमीभाव त देऊन दाखवा म्हनाव, मंग सहा हजाराचं बोलू." सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यातल्या बऱ्याच जणांनी मत मात्र त्याच पक्षांना दिलं. कारणं वेगळी होती: जात, रस्ता, तहसीलमध्ये अडलेलं काम कोण करून देतो. म्हणून मत मिळालं म्हणजे दावा पटला, असं शहरातून काढलेलं अनुमान मला मान्य नाही.

माझा खरा राग आहे तो अर्ध्या खऱ्या आकड्यावर. "आम्ही खर्चाच्या दीडपट भाव दिला" हे वाक्य वर्षानुवर्षं ऐकतोय. 2025-26 साठी सोयाबीनचा खर्च क्विंटलला 3552 धरला आणि हमीभाव 5328. गुणाकार बरोबर आहे. पण या खर्चात खिशातून गेलेले पैसे आणि घरच्यांची मजुरी एवढंच येतं. स्वतःच्या जमिनीचं भाडं आणि स्वतःच्या भांडवलावरचं व्याज येत नाही. स्वामिनाथन आयोगाचं नाव घेऊन शेतकरी संघटना दीडपट मागतात ती हे सगळं धरून, ज्याला सी-टू म्हणतात. शिवाय हा खर्च देशाची सरासरी. पावसाने एकरी तीन क्विंटलवर आणलेल्या शेतात क्विंटलचा खर्च कुठल्या कुठे जातो. वाक्य खोटं नाही, म्हणून ते पकडताही येत नाही.

बायांच्या बाबतीत प्रकार आणखी वाईट. मतदानाच्या आदल्या रात्री बचत गटाच्या ग्रुपवर एक क्लिप फिरली: दुसऱ्याला मत दिलं तर लाडक्या बहिणीचे पंधराशे बंद होतील, दिलेलेही वसूल करतील. वहिनींनी मला विचारलं, "मशीनमंधी चिठ्ठी पडते ना भाऊजी, त्याच्यावर नाव ऱ्हायते म्हनते?" नाव असतं, पण उमेदवाराचं. अनुक्रमांक, नाव, चिन्ह. सात सेकंद काचेतून दिसतं आणि चिठ्ठी आत पडते. मतदाराचं नाव त्यावर कुठेच नसतं. हे मी सांगितलं म्हणून त्या निर्धास्त झाल्या. ग्रुपमधल्या बाकीच्यांना रात्री दहा वाजता कोण सांगणार होतं? अशी भीती घालणाऱ्यांची मला चीड येते.

कायद्याचं म्हणाल तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 123(4) मध्ये उमेदवाराच्या वैयक्तिक चारित्र्याबद्दल किंवा वागणुकीबद्दलचं खोटं भ्रष्ट आचरण म्हणून येतं. जाहीरनाम्यातली आश्वासनं भ्रष्ट आचरणात बसत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये सांगितलंय. त्याच निकालानंतर निवडणूक आयोगाने आचारसंहितेत घातलं की आश्वासनासाठी पैसा कुठून येणार हे पक्षांनी ढोबळमानाने तरी सांगावं. आमच्याकडच्या सभेत तेवढंही कोणी सांगत नाही.

म्हणून आता दारात येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला, पक्ष कुठलाही असो, मी एवढंच विचारतो: हमीभाव केंद्र सरकार ठरवतं, तुम्ही तर विधानसभेला उभे आहात, मग वरचा फरक बोनस म्हणून राज्य देणार का, आणि किती क्विंटलपर्यंत? आजूबाजूचे चार जण तिथेच थांबून उत्तर ऐकतात.