उबुंटूवर मराठी टायपिंग: सुरुवातीला एवढंच करा

आधी फॉन्ट शोधत बसू नका, नवीन माणसाची पहिली चूक तीच. मराठी दिसतेय ना? मग हवी आहे ती इनपुट पद्धत, म्हणजे कीबोर्डच्या कळांतून मराठी अक्षरं उमटवणारी सोय.

१. ‘आयबस-एम१७एन’ (ibus-m17n) हे पॅकेज टाका, त्यातून या पद्धती मिळतात, आणि लॉग आउट करून परत आत या. ही पायरी गाळली की यादीत नवे पर्याय दिसत नाहीत, आणि लोक तेच पॅकेज पुन्हा टाकत राहतात.

२. सेटिंग्ज, कीबोर्ड, इनपुट सोर्सेस, अधिकचं चिन्ह. मराठी इनस्क्रिप्ट निवडा, ही भारतीय भाषांसाठीची प्रमाण कळ-मांडणी (लेआउट).

३. भाषा बदलायला सुपर (विंडोजचं चिन्ह असलेली कळ) आणि स्पेस एकत्र दाबा.

‘दुसऱ्या’ हा शब्द लिहिताना सगळे अडतात. साधा र घेतलात तर ‘दुसर्या’ उमटतं. शिफ्ट धरून J दाबा, शिफ्ट सोडा, मग D, मग स्लॅश (/) दाबा: ऱ्य मिळेल. आठवडाभर रोज दहा ओळी लिहा, बोटं नक्की वळतील. लेआउट बदलण्याचं नंतर पाहू.