आधी व्याख्या, मग आकडे

अगं, देशोदेशींच्या गुन्ह्यांची तुलना करताना स्वीडनचा बलात्काराचा दर भारताच्या कितीतरी पट दिसला म्हणून लगेच तक्ता रंगवू नकोस. तिथे एकाच पीडितेवर वारंवार झालेला प्रत्येक अत्याचार वेगळा गुन्हा धरतात. आपली एनसीआरबी, म्हणजे देशभरातल्या गुन्ह्यांची आकडेवारी काढणारी सरकारी संस्था, एका एफआयआरमधला सर्वांत गंभीर गुन्हा तेवढा मोजते. पंचवटीत घरफोडी करताना खून झाला, तर तक्त्यात खून दिसेल, घरफोडी गायब!

सुरुवात खुनापासून कर. मृतदेह लपवणं अवघड, म्हणून तो आकडा त्यातल्या त्यात भरवशाचा. यूएनओडीसीकडे (संयुक्त राष्ट्रांचं अमली पदार्थ व गुन्हेगारीविषयक कार्यालय) दर लाख लोकसंख्येमागचा दर मिळतो. मात्र पोलिसांच्या आकड्यांत खुनाचे प्रयत्न मिसळलेत का, तळटीप वाच. मोबाइलचोरी सध्या सोडच. नाशिकच्या सीबीएस बसस्थानकावर फोन चोरीला गेला तर किती जण ठाण्याची पायरी चढतात? विम्यासाठी कागद लागला तर चढतात.