बहीण विधवा आहे, पदरात दोन लहान मुलं आहेत. मुलांमुळे निराधारचा पगार वाढून मिळतो का?

तुम्ही लिहिलंय की दाजी सेंट्रिंगच्या कामावर होते, आठ महिन्यांपूर्वी गेले. ताई आता जत तालुक्यात माहेरी आहे, मुलगा दुसरीत आणि मुलगी दीड वर्षाची. कुणीतरी तिला सांगितलं की पोरं असली की संजय गांधी निराधार योजनेत जादा पैसे मिळतात, आणि तहसीलमध्ये गेल्यावर असं काही नसतं म्हणून परत पाठवलं. खरं काय, असं विचारलंय.

दादा, दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. मी सातारा जिल्ह्यातली, कोरेगावकडची. माझे मिस्टर २०२० च्या दिवाळीत गेले. तेव्हा माझी थोरली चौथीत होती आणि धाकटा अंगणवाडीत. त्या वेळी निराधारचा पगार १००० रुपये होता, पण विधवेला एक मूल असेल तर ११०० आणि दोन असतील तर १२००. मी त्या १२०० वाल्यांतली. म्हणजे एका पोरामागे महिन्याला शंभर रुपये. तेवढ्यात त्याच्या वह्याही येत नव्हत्या, पण कागदावर का होईना, पोरांची दखल होती. २०२३ मध्ये सगळ्यांनाच १५०० केले. माझे तीनशे वाढले, शेजारच्या मूलबाळ नसलेल्या काकूंचे पाचशे वाढले, आणि पोरांचा वेगळा हिशेब त्यातून गेला. ताईला ज्याने सांगितलं तो त्या जुन्या दराचं सांगत होता.

तेव्हा आईच्या पगारात पोरांचे पैसे शोधू नका. ते पोरांच्या नावानेच मिळतात आणि त्याची खिडकी वेगळी आहे. मला हे कळायला दीड वर्ष गेलं, कारण तहसीलमधल्या माणसाने त्याच्या टेबलावरचं तेवढं सांगितलं आणि पुढचं विचारायचं असतं हे मला माहीत नव्हतं.

त्या योजनेला लोक नुसतं ‘बालसंगोपन’ म्हणतात. पूर्ण नाव क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना. (सावित्रीबाईंचं जन्मगाव नायगाव आमच्याच जिल्ह्यात, खंडाळा तालुक्यात. त्यामुळे फॉर्मवर नाव वाचून मला उगाच आपल्या घरचं कुणी भेटल्यासारखं वाटलं होतं.) आई किंवा वडील गेलेल्या मुलाला १८ वर्षांचा होईपर्यंत महिन्याला २२५० रुपये. पूर्वी ४२५ होते, माझी मुलं लागली तेव्हा ११००, आणि २०२३ च्या बजेटनंतर २२५०. हे एका मुलाचे, दोघांचे ४५००. आईचा निराधारचा पगार चालू असला तरी हे मिळतात, माझ्या घरात दोन्ही चालू आहेत. फक्त दर महिन्याला येतील या भरवशावर किराणा उधार आणू नका. कधी पाच-सहा महिन्यांचे एकदम येतात.

हा अर्ज तहसीलला नाही, जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयाकडे जातो. आधी गावच्या अंगणवाडी सेविकेला विचारा, तिला बहुतेक वाट माहीत असते. दाजींचा मृत्यूचा दाखला, आई आणि मुलांची आधार कार्डं, रेशन कार्ड, तलाठ्यामार्फत तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, थोरल्याचा शाळेचा बोनाफाईड, बँकेचं पासबुक. शिवाय एक फोटो लागतो, आईने मुलांना घेऊन घराच्या दारात उभं राहून काढलेला. मग घरी चौकशीला माणूस येतो आणि शेवटी बालकल्याण समिती आदेश काढते. समितीपुढे मुलांना घेऊन जावं लागलं तर ताईला घाबरू नका म्हणावं. मला वाटलं होतं कोर्टासारखं काही असेल, पण त्यांनी धाकट्याला शाळेत डब्यात काय नेतोस एवढंच विचारलं.

माझा अर्ज पहिल्यांदा परत आला. मुलाच्या आधारवर वडिलांचं नाव एक आणि मृत्यूच्या दाखल्यावर टोपणनाव. ते जुळवण्यात तीन महिने गेले. म्हणून सगळे कागद एका चटईवर मांडा आणि एकेक अक्षर ताडून बघा. दुसरी अडचण खात्याची. पैसे पासबुक दिलेल्या खात्यात न जाता आधारला शेवटी जोडलेल्या खात्यात जातात. माझ्या थोरलीचे पैसे शाळेच्या शिष्यवृत्तीसाठी काढलेल्या जुन्या खात्यात पडून होते आणि मी इकडे रोज मिस्ड कॉल देऊन बॅलन्स बघत होते.

याच कार्यालयात मिशन वात्सल्यची प्रायोजकत्व योजनाही असते, तिचे महिन्याला ४०००. उत्पन्नाची अट ग्रामीण भागात वर्षाला ७२ हजार, शहरात ९६ हजार. एकाच मुलाला दोन्ही मिळत नाहीत. कोणत्यात बसवता येईल ते तिथेच विचारा.

आता निराधारचं. उत्पन्न वर्षाला २१ हजारांच्या आत हवं. म्हणजे महिन्याला पावणेदोन हजार. द्राक्षाच्या बागेत महिनाभर कामाला गेलेली बाई त्यात कशी बसते हे ठरवणाऱ्यालाच ठाऊक. ताई त्यात नाही बसली तर लाडकी बहीण, तिथे अडीच लाखांपर्यंत चालतं, वय २१ ते ६५. पण तिचे नवे अर्ज ऑक्टोबर २०२४ मध्ये बंद झाले होते, परत घेतात का ते आधी विचारा. पण निराधारचे १५०० चालू असतील तर लाडकीचे वेगळे मिळत नाहीत. गावात बऱ्याच जणी दोन्हीसाठी फॉर्म भरून बसल्या होत्या.

तहसीलला जातेच आहे तर कुटुंब अर्थसहाय्य योजनेचंही विचारा. कमावता माणूस १८ ते ५९ वयात गेला आणि घर दारिद्र्यरेषेच्या यादीत असेल तर एकदाच २० हजार मिळतात.

आणि हे सगळ्यात आधी बघायला हवं होतं, मी उगाच शेवटी लिहितेय: दाजी सेंट्रिंगला होते म्हणता. त्यांच्या घरी बांधकाम कामगारांना मिळते ती पेटी किंवा भांड्यांचा सेट आहे का? असेल तर त्यांची बांधकाम कामगार कल्याण मंडळात नोंदणी होती. नोंदणी जिवंत असताना माणूस नैसर्गिक मरणाने गेला तर वारसाला २ लाख आणि विधवेला वर्षाला २४ हजार, पाच वर्षं. कामावर असताना अपघाताने गेला तर ५ लाख. नूतनीकरण दर वर्षी करावं लागतं, त्यामुळे स्मार्ट कार्डावरची तारीख आधी बघा. सासरी कुणी कार्ड देत नसेल तर भांडायला जाऊ नका. नोंदणी ऑनलाइन असते, दाजींच्या आधार नंबरवरून शोधून मिळते का ते कामगार कार्यालयात विचारा. हे काम करून देतो म्हणून टक्केवारी मागणारे भेटतील, त्यांना दारातूनच नमस्कार करा.

छोटीचा जन्म १ एप्रिल २०२३ नंतरचा आहे, तर लेक लाडकीचंही अंगणवाडीत विचारून घ्या. पिवळं किंवा केशरी रेशन कार्ड लागतं. जन्मानंतर ५ हजार, पुढे पहिलीत ६, सहावीत ७, अकरावीत ८ आणि १८ पूर्ण झाल्यावर ७५ हजार. दुसरं अपत्य असल्याने कुटुंब नियोजनाची अट आहे, दाजी गेल्यावर त्या दाखल्याचं काय ते सेविकाच सांगेल.

ताईचं रेशन कार्ड अजून सासरचंच आहे का? तसं असेल तर अर्जाआधी तेवढं नाव वेगळं करून घ्या, आणि उत्पन्नाचा दाखला त्यानंतरच काढा.